डस्टरची टकटक: क्रँक पुली, टायमिंग बेल्ट आणि उरलेला एक इंजेक्टर

आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला तो खंबाटकीच्या बोगद्यात. साताऱ्याहून परत येत होतो, काच खाली होती, आणि भिंतीवरून परत येणाऱ्या डिझेलच्या घरघरीत एक वेगळीच टकटक होती. पत्र्याच्या डबीत सुपारी हलवावी तशी. धायरीला घरी पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलं होतं, तेव्हा पार्किंगमध्ये कान देऊन पाहिलं तर काही नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, गाणी लावा मोठ्यानं, जाईल."

गाडी २०१३ची डस्टर, ८५ पीएसचं दीड लिटर डिझेल, आजचं रनिंग १ लाख १८ हजार. २०१९ मध्ये सेकंड हँड घेतली. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा आतला दातेरी पट्टा) कधी बदलला याची कागदावर नोंद नाही, आणि मीही दर वर्षी "दिवाळीनंतर बघू" म्हणत ढकलत आलो. तेव्हा शिव्या मलाच घाला, गाडीला नको.

दोन ठिकाणी दाखवली. एका मेस्त्रींनी बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथलं) गेलंय, इंजिन उतरवायला लागणार. दुसरे म्हणाले, "अहो डिझेल आहे, वाजणारच की!" एकाचं ऐकलं तर सत्तर-ऐंशी हजार, दुसऱ्याचं ऐकलं तर शून्य. मग म्हटलं, आपणच बघू.

पहिला रविवार नुसता ऐकण्यात गेला. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनला, असं हेड, ब्लॉक, ऑल्टरनेटर करत फिरलो. फिरत्या बेल्टपासून टोक लांब ठेवा, एवढं सांभाळा. आवाज सगळ्यात स्पष्ट यायचा तो बेल्टच्या बाजूला, खाली. जुन्या डिझेलवर एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) पाइप ढिला करून कुठला सिलिंडर वाजतो ते शोधायचे. ते इथे चुकूनही करू नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून सरळ आत जाते. मी ओळखीतल्या एकाचा, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर आणला आणि एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. बिग एंड गेलं असतं तर तो सिलिंडर बंद केल्यावर ठोका दबला असता. तिसरा बंद केल्यावर एक बारीक टिकटिक गेली, पण मुख्य टकटक जागच्या जागी. ही टिकटिक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तरी बेअरिंगचा किडा डोक्यातून जाईना. ऑइल बदलायला आलंच होतं, ते काढून बायकोच्या जुन्या ओढणीतून गाळलं. बेअरिंगच्या वाट्यांवरचा थर चुंबकाला लागत नाही, म्हणून नुसतं चुंबक फिरवून भागत नाही. कापडावर काय उरतं ते उन्हात धरून पाहावं लागतं. काळं पाणी सोडलं तर काही नाही, चमक नाही. त्या रात्री बरी झोप लागली. (ओढणी जुनी आहे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.)

दुसऱ्या रविवारी बाहेरचा, ऑल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बेल्ट काढून गाडी अर्धा मिनिट चालू केली. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यामुळे तेवढ्या वेळात काही बिघडत नाही. बॅटरीचा दिवा लागतो, लागू द्यायचा. टकटक निम्म्यावर आली! ऑल्टरनेटर आणि एसीची पुली हातानं फिरवली, दोन्ही लोण्यासारख्या. मग राहिली तो बेल्ट फिरवणारी, क्रँकच्या टोकावरची पुली. ती अखंड तुकडा नसते: मधला गाभा, बाहेरचं कडं, आणि दोहोंमध्ये रबर. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो आणि त्या हिसक्यानं क्रँक पिळवटतो. ते पिळणं हे रबर जिरवतं. पुलीवर खडूनं गाभ्यापासून कड्यापर्यंत सरळ रेघ ओढली, बाहेरचा बेल्ट परत चढवला, नऱ्हेपर्यंत चक्कर मारून आलो. रेघ तुटलेली. बाहेरचा अर्धा भाग बोटभर पुढे सरकलेला.

पुली निघणार म्हणजे टायमिंगचं झाकण उघडायला एवढंसंच उरतं. मग अर्धवट काम कशाला? पुण्याच्या नाना पेठेतून टायमिंग किट, वॉटर पंप, पुली आणि पुलीचा नवा बोल्ट आणला. बोल्ट जुनाच घालायचा मोह होतो, पण तो आवळताना ताणला जातो, एकदाच वापरायचा. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत.

तिसरा शनिवार-रविवार. पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं, चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीखाली) लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं इंजिन पेललं, मग त्या बाजूचं माउंटिंग सोडलं. पुलीचा बोल्ट हा खरा वैरी. लॉकिंग पिन घालून तो सोडवू नका, पिन वाकते. ती फक्त टायमिंग धरायला आहे. गाडी पाचव्या गिअरमध्ये, मेहुणा ब्रेकवर, मी टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) चार फुटी पाइप चढवून. तिसऱ्या हिसक्याला 'कडाक' झालं. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, तुमचं काही मोडलं का?"

आतलं दृश्य सांगतो. बेल्टची पाठ काचेसारखी गुळगुळीत झालेली, उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा. आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी चकती) बोटावर फिरवला तर कोरडी खरखर, ग्रीस केव्हाच संपलेलं. वॉटर पंपाच्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. याच अवस्थेत मी कोकणात दोनदा जाऊन आलो होतो.

बसवताना कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चक्रातून हेडमध्ये ८ मिमीची पिन, क्रँकला त्याची पिन, मग बेल्ट. हाय प्रेशर पंपाच्या चक्राचीही खूण जुळवली. इथे इंजेक्शनची वेळ ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) ठरवतो, जुन्या रोटरी पंपासारखं एक दात चुकला की इंजिन ठोकतं असं नाही, पण खूण आहे तर जुळवायला काय जातं? टेन्शनरला (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीला) मात्र वेळ द्या. त्याचा काटा खाचेसमोर आणून नट आवळला, पिना काढल्या, हातानं क्रँकचे दोन फेरे दिले, म्हणजे कॅमचा एक पूर्ण होतो. पुन्हा पाहिलं तर काटा केसभर सरकलेला. सोडलं, परत लावलं, परत दोन फेरे. चौथ्या वेळी जागेवर राहिला. यात संध्याकाळचा चहा गार झाला.

आता तीन आठवडे झाले. टकटक गेली. सिंहगडाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काच खाली करून मुद्दाम ऐकत गेलो, फक्त टर्बोची शीळ. पहिल्या मेस्त्रींना काढलेली पुली नेऊन दाखवली. त्यांनी कडं हातानं गरगर फिरवलं, हसले आणि म्हणाले, "ठेवून जा, पोरांना दाखवायला होईल."

सकाळी थंड इंजिनावर पहिली दोन मिनिटं मात्र ती तिसऱ्या सिलिंडरची टिकटिक आहेच. मेडिकलमधून सलाइनच्या चार नळ्या आणल्यात, चार सारख्या बाटल्या धुऊन वाळत घातल्यात. येत्या शनिवारी चारही इंजेक्टरचं परतीचं, म्हणजे न फवारता टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजायचं. तिसरी बाटली बाकीच्यांच्या पुढे गेली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय, म्हणजे परत नाना पेठ.