तुरुंग, एचआयव्ही आणि दुखरे पाय : माझा अनुभव

माझ्या जुन्या फायलीच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल शाईनं दोन शब्द लिहून ठेवले होते : 'गोळ्या मागतो'. ते खोटं नव्हतं. मी मागतच होतो. पण कशासाठी मागतो ते कुणी लिहिलं नव्हतं. पुढचा प्रत्येक डॉक्टर फाइल उघडली की आधी तो कोपरा वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा.

दुखणं तळपायांचं. एचआयव्हीचं निदान झालं तेव्हा ज्या औषधांनी मला जगवलं, त्यात स्टॅव्ह्युडिन होतं. त्यानं विषाणू दाबला आणि पायांच्या नसा खाल्ल्या. नसांना एचआयव्हीही सोडत नाही, म्हणजे मार दोन्हीकडून. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. माझंही औषध बदललं, पण नसांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दिवसा मुंग्या, रात्री निखारे. पांघरुणाची कड अंगठ्याला लागली तरी झोप उडायची. आणि त्याच अंगठ्याला ठेच लागून नख उखडलं, तेव्हा मला ते रक्त बघून कळलं! ज्याला चादर सोसत नाही त्याला जखम कळत नाही, हे कुणाला पटवून देणार?

ट्रॅमॅडोल हे वेदनाशामक चिठ्ठीवर सुरू झालं. चिठ्ठी संपली, गोळ्या चालूच राहिल्या. पुढे मॉर्फीन. त्यापायी काय काय केलं ते न्यायालयात सांगून झालंय, इथे पुन्हा नको. शिक्षा झाली, आणि ती उगाच झाली नव्हती.

आत गेल्यावर टर्की, म्हणजे गोळ्या एकदम तुटल्यावर शरीराला होणारा त्रास, जमिनीवर पडून काढली. नाक-डोळे गळत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते, जुलाब थांबत नव्हते. आठवडाभरात ते ओसरलं. पायांची आग मात्र तशीच राहिली. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, रोज मिळायची, पण ती रांग कसली आहे हे सगळ्या बराकीला ठाऊक होतं. तिथे उभं राहिलं की सांगायचं काही उरतच नाही. दोघा-तिघांनी त्या लाजेपायी औषधच सोडलं. मी सोडलं नाही. त्याचं श्रेय माझ्या हट्टी स्वभावाला, समजूतदारपणाला नव्हे.

माझ्या शेजारचा एक जण मेथाडोनवर होता, म्हणजे मॉर्फीनसारख्या नशेच्या व्यसनावर देतात त्या औषधावर. त्याला नवीन एआरटीत एफाविरेन्झ सुरू केलं आणि आठ-दहा दिवसांत तो जांभया देत, थरथरत, घामानं भिजून बसू लागला. सगळे म्हणाले, डोस वाढवून घ्यायला नाटक करतोय. मीही म्हणालो. एफाविरेन्झमुळे यकृत मेथाडोनचा निचरा फार लवकर करतं आणि रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. तो खरोखर टर्कीत होता. ज्या शेऱ्यानं माझा जीव खाल्ला, तोच मी त्याच्यावर मारला होता. ही गोष्ट मला अजून टोचते.

सुटताना हातात थोड्या दिवसांच्या एआरटीच्या गोळ्या होत्या. पुढच्या डॉक्टरसाठी पत्र नाही, कुठल्या दारात जायचं त्याचा पत्ता नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांमधला २४वा नियम सांगतो की कैद्याच्या उपचारात खंड पडू नये, आणि त्यात एचआयव्ही आणि व्यसन या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. मला तो समुपदेशकानं वाचून दाखवला तेव्हा मी नुसता हसलो.

नवव्या दिवशी मी जवळजवळ गेलोच होतो. पाय पेटले होते आणि मी जुन्या सवयीनं जुना डोस घेतला. हात तोच, गोळ्या त्याच, पण शरीर आता वेगळं होतं. एवढ्या काळात त्याची सवय पार मोडली होती. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे अशा जास्तीच्या डोसनं येणाऱ्या मरणाच्या दृष्टीनं सर्वांत वाईट असतात, हे सुटताना कुणी सांगितलं असतं तर! ओठ निळे पडले होते म्हणे. ज्यानं पाहिलं त्याच्याजवळ नॅलोक्सोनचा, म्हणजे मॉर्फीनवरच्या उताऱ्याचा, नाकातला फवारा होता, म्हणून हे लिहितोय. त्या फवाऱ्याचा असर मॉर्फीनच्या आधी उतरू शकतो, म्हणून तो मला झोपू न देता दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत मी त्याला शिव्या दिल्या.

त्यानंतर समुपदेशकानं एक काम सांगितलं, आणि सगळ्या प्रवासात उपयोगी पडलेली गोष्ट तीच : "तू तोंडी सांगायला लागलास की समोरच्याला फक्त तुरुंग ऐकू येतो. लिहून ने." मी दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर फक्त पाय : कधीपासून, कुठे, कशानं वाढतं, कोणती औषधं घेतली, त्यांनी काय झालं. दुसऱ्या पानावर मॉर्फीन, शिक्षा, नववा दिवस. काही लपवलं नाही, पण क्रम माझा होता.

नव्या डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "बूट काढा." इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी कंपनकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी म्हणालो, सुरू कधी झाली? त्यांनी तोच काटा माझ्या मनगटावर ठेवला, तिथे तो मधमाशीसारखा गुणगुणत होता. मग दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला दहा ठिकाणी टोचला. मला तीन कळले.

मी मॉर्फीनची चिठ्ठी मिळेल या आशेनं गेलो होतो, हे कबूल करतो. ती मिळाली नाही. अमेरिकेतल्या एचआयव्ही तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही या नसांच्या दुखण्यावर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनच्या जातीची औषधं, हा पहिला उपाय नाही, सुरुवात गॅबापेंटिन या नसांच्या वेदनेवरच्या औषधापासून. मला राग आला. पण हा नकार फाइल वाचून आलेला नव्हता, माझे पाय तपासून आलेला होता, म्हणून मी उठून गेलो नाही. नसांच्या दुखण्यावरच्या कार्बामाझेपिनबद्दल मी ऐकून होतो, तर त्या म्हणाल्या, ते माझ्या एआरटीतल्या डोलुटेग्राव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण उतरवतं. म्हणजे तेही नको.

व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे तलफ धरून ठेवणारं औषध ठरलं. त्याची सुरुवात विचित्र असते : आधी टर्की लागू द्यायची. शेवटच्या मॉर्फीननंतर निदान १२ तास थांबायचं, नाहीतर हेच औषध टर्की अंगावर आदळवतं. बाकावर बसून होतो. नर्स दर तासाला ११ मुद्द्यांचा तक्ता भरायची. नाडी, बाहुल्या, घाम, जांभया. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्या जांभया मोजून त्यांवर विश्वास ठेवत होतं. मग जिभेखाली गोळी. बोलायचं नाही, गिळायचं नाही, कडू लाळ तोंडात धरून बसायचं. विरघळली की दातांसाठी पाण्यानं चूळ.

तलफ गेली. पाय मात्र दुपारनंतर पुन्हा पेटायचे, आणि इथे खरी लढाई झाली. ब्युप्रेनॉर्फिन तलफेला दिवसभर धरून ठेवतं, पण दुखणं दाबण्याचा त्याचा असर सहा ते आठ तासांत उतरतो. म्हणजे तोच दिवसाचा डोस तीन भागांत घेतला तर दोन्ही कामं होतात. औषध तेवढंच, फक्त वाटून. पण औषधं देणाऱ्या खिडकीवरचा नियम होता : दिवसातून एकदा, आमच्यासमोर. तुरुंगात जाऊन आलेल्याच्या हातात उरलेल्या गोळ्या देणार कोण? डॉक्टरांनी लेखी मागणी केली, ती परत आली. पुन्हा केली. सहा आठवडे गेले. शेवटी गोळ्यांची अचानक मोजणी आणि लघवीची तपासणी या अटींवर मान्य झालं.

दुसऱ्याच मोजणीत दोन गोळ्या कमी निघाल्या. एका वाईट रात्री मी जास्तीच्या घेतल्या होत्या. वाटलं, संपलं. लाल शाई आलीच. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता?" पहाटे तीन. त्यांनी रात्रीचा भाग थोडा मोठा केला, सकाळचा लहान केला आणि महिनाभर गोळ्या आठवड्याऐवजी तीन-तीन दिवसांच्या दिल्या. शिक्षा म्हणाल तर एवढीच.

पाय अजून दुखतात. पांघरूण मात्र आता चालतं, पातळ असेल तर. सध्या आमचा वाद गॅबापेंटिनवरून आहे. ब्युप्रेनॉर्फिनच्या जोडीनं ते रात्री श्वास मंद करू शकतं, म्हणून डॉक्टरांना ते कमी करायचंय. त्यांना माझ्या श्वासाची काळजी, मला पहाटेच्या तीनची. पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलायचं ठरलंय. मी एक पान लिहून ठेवलंय.