तीन सेकंदांचा खेळ, अकरा आठवड्यांचा दाखला

नेटबॉलमध्ये चेंडू हातात 3 सेकंदांच्या वर ठेवता येत नाही. इतकी वर्षं गोल शूटर, म्हणजे रिंगजवळ उभी राहून गोल मारणारी, म्हणून खेळून ती घाई अंगातच मुरली आहे. अशा बाईला एका पोलीस दाखल्यासाठी 11 आठवडे बसवून ठेवलं. अजून आठवलं की चिडचिड होते.

ऑस्ट्रेलियातल्या क्लबचा करार, 408 या तात्पुरत्या व्हिसाचा अर्ज, राष्ट्रीय संघटनेचं शिफारसपत्र, छातीचा एक्स-रे, सगळं झटपट झालं. मग कळलं की गेल्या 10 वर्षांत ज्या देशात एकूण 12 महिने काढलेत, त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला हवा. परदेशात सलग वर्षभर मी कुठेच राहिले नव्हते, म्हणून वाटलं सुटले. पण हंगामांची बेरीज धरतात! इंग्लंडमध्ये चार हंगाम, न्यूझीलंडमध्ये तीन. म्हणजे तिथले दोन दाखले.

एक निमूट आला. दुसऱ्या कार्यालयाला माझ्या तिथल्या पत्त्याचा पुरावा हवा होता. आता परदेशी खेळाडू राहते कुठे? क्लबने दिलेल्या घरात. आम्ही चौघी होतो. भाडेकरार क्लबच्या नावावर, वीजबिल क्लबच्या नावावर, इंटरनेट आमच्यातल्या विंग डिफेन्सला खेळणाऱ्या मैत्रिणीच्या नावावर. बँक खातं मी निघताना शहाणपणाने बंद केलेलं. क्लबकडून पत्र आणून पाठवलं. उत्तर आलं, ‘पुरावा अपुरा’. खाली नाव नाही, सही नाही. पुन्हा पाठवलं, तर ‘तारखा जुळत नाहीत’. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर अर्ज परत रांगेच्या शेपटाला.

तिकडे संघाचा सराव सुरू झाला होता. मी एकटीच हॉलमध्ये शूट करत बसायचे. रिंग 3.05 मीटरवर आणि मागे बोर्ड नाही, त्यामुळे चुकलेला चेंडू थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो आणि आणायलाही आपणच. सुपर शॉट मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी शिकायचा होता. हा 2020 पासून ऑस्ट्रेलियात आलेला, प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या 5 मिनिटांत लांबून मारला तर दोन गुण देणारा. दहा शॉट, मग मेल बघ. दहा शॉट, मग मेल बघ. टक्केवारी काय झाली असेल ते विचारू नका. भीती वेगळीच होती. पर्थच्या संघात तेव्हा 1.98 मीटर उंचीची गोल शूटर झनील फाउलर रिंगखाली उभी असायची. तिच्यासाठी कुठलाही क्लब थांबेल. माझ्यासाठी किती दिवस?

शेवटी घोट्याच्या ब्रेसच्या जुन्या पिशवीत तिथे कर भरल्याची पावती सापडली. घडीवर झिजलेली, पण नाव, पत्ता, वर्ष सगळं वाचता येत होतं. स्कॅन करून पाठवली आणि नवव्या दिवशी दाखला हातात. मी हॉलमध्येच खाली बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

तेव्हा देश सोडताना स्वतःच्या नावाचा, तिथल्या पत्त्याचा एक तरी कागद बरोबर घ्या. बँकेचं स्टेटमेंट खातं बंद करण्याआधी काढा. क्लबमधल्या मॅनेजर बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. आणि हो, दाखला साधारण 12 महिनेच चालतो, म्हणून फार आधीही काढून ठेवू नका. माझ्याबरोबर गोल अटॅकला खेळणाऱ्या मैत्रिणीने तसा काढला होता. तिला दुसऱ्यांदा रांगेत उभं राहावं लागलं.