गाठ आणि गाठी

यंदा मावशीचा सलाईनचा दिवस नेमका होळीच्या आदल्या दिवशी आला. दर 21 दिवसांनी तिला ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं औषध चढवतात. सकाळी जायचं, दुपारी परत. गाडीत बसता बसता म्हणाली, "इतवारीतून घे, पोराले गाठी घ्यायची आहे."

आमच्या नागपुरात गाठी होळीची. पुण्याकडे ती गुढीला बांधतात, हे मला लग्नानंतर कळलं. लहानपणी मी गाठ्या करताना पाहिल्या आहेत. लाकडी साच्यात दोरा ताणून ठेवायचा, वरून पाक ओतायचा, निवला की पदकांची अख्खी माळ निघायची. मावशीची गाठ गेल्या वर्षी काढली. गाठ काढायची आणि गाठी गळ्यात घालायची. मधे काय ती एक वेलांटी.

या वेलांटीची धास्ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना. "साखर पूर्ण बंद! कॅन्सर साखरेवरच जगतो." त्यात थोडं खरं आहे, म्हणून तर वाद घालता येत नाही. गाठीतल्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. पेट स्कॅन त्यावरच चालतो: किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती कुठे गोळा होते ते बघायचं. पण साखर सगळ्याच पेशींना लागते. मावशीने फिका चहा प्यायला म्हणून गाठ उपाशी राहत नाही, रक्तातली साखर यकृत भरून काढतंच. मधुमेह तिला नाही, आणि डॉक्टरांना काळजी आहे ती तिच्या उतरणाऱ्या वजनाची.

काकूंना मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. त्या सलाईनमधल्या औषधाच्याच अंगावर साखर असते. ट्रास्टुझुमॅब म्हणजे अँटीबॉडी, इंग्रजी वाय अक्षरासारखं प्रथिन. त्याच्या देठात दोन्ही बाजूंना, साखळीतल्या 297व्या जागी, साखरेची एकेक माळ लटकते. माळ कसली, दुपदरी गाठीच, पदकं वेगवेगळ्या साखरांची: मधे मॅनोज, पदरांच्या टोकाला कधी गॅलॅक्टोज, कधी काहीच नाही, मुळाशी बहुधा फ्युकोज. वजन सगळ्या रेणूच्या जेमतेम 2-3 टक्के. पण ती उतरवली, तर वरचे दोन हात गाठीला धरून राहतात आणि देठाला येऊन चिकटणाऱ्या, शरीराच्याच मारेकरी पेशींचा हात सुटतो. उलट एकटा फ्युकोज गाळला तर पकड घट्ट होते. ओबिनुटुझुमॅब हे औषध याच युक्तीवर बेतलं आहे. 2013 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

आपल्या स्वतःच्या अँटीबॉडीही अशाच माळा घालून हिंडतात, आणि माळ दिवस पाहून बदलते. गरोदरपणी टोकाचा गॅलॅक्टोज वाढतो, बाळंतपणानंतर उतरतो. वय वाढलं की कमी होतो. संधिवातात तो कमी असतो हे 1985 साली दिसलं, पुढे बऱ्याच कॅन्सरांतही तेच दिसलं. म्हणून उपचाराआधीचं, मधलं, नंतरचं रक्त घेऊन माळेत काय फरक पडला ते संशोधक बघत असतात. धंतोलीतून येणाऱ्या आमच्या रिपोर्टात हा रकाना नसतो. तिथे आपलं हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन.

हे सगळं मी मावशीला गाडीत सांगितलं, सिग्नलला थांबत थांबत. तिने मांडीवरच्या पुडीतून गाठी काढून हातात धरली.

"म्हणजे आजारपणात टोकाची पदकं गळतात म्हनतं?"

"तसंच काहीसं."

"मंग माह्या किती राहिल्या?"

"ते आपल्या लॅबमध्ये मोजत नाहीत गं."

तिने खालचं मोठं पदक कटकन मोडलं, तोंडात टाकलं आणि उरलेली माळ पुन्हा पुडीत गुंडाळली.

"काय करून राहिली मावशी? ती पोराची आहे ना!"

"त्याले दुसरी घेऊ," ती गाल फुगवून म्हणाली, "वरच्या काकूले नको सांगू फक्त."