पत्र्यावरची रात्र

रविवार, रात्रीचे साडेदहा

समाजमंदिरात आज चाळीसेक माणसं आली. सतरंज्या पुरल्या नाहीत, मागच्या बायका पायरीवरच टेकल्या. माइक नव्हता म्हणून पंखेही बंद ठेवले. तरी दीड तास कुणी उठलं नाही.

दोन महिने झाले, दर रविवारी पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या या वस्तीतली नऊ-दहा मुलंमुली माझ्याबरोबर बोलण्याचा सराव करतायत. आज पहिल्यांदाच स्वतःच्या माणसांसमोर उभी राहिली. सगळ्यांत शेवटी आली अकरावीतली ती. पहिल्या रविवारी तिने मला 'पाणी हेच जीवन' हे पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं होतं. सुरुवातीला अध्यक्ष महाशय आणि पूज्य गुरुजनवर्ग, मधे दोन सुविचार, शेवटी एक शेर. शाळेत त्याला बक्षीसही मिळालेलं. ते पूर्ण ऐकून मी विचारलं, "२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तू कुठे होतीस गं?" बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "पत्र्यावर."

आज तिने तिथूनच सुरुवात केली. आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती पाचवीत होती. "आईने आधी मला वर ढकललं, मग धाकट्याला दिलं. मग ती शिलाई मशीन उचलायला परत आत गेली. मशीन काही उचलेना. आत सिलिंडर तरंगत होता, भिंतीवर आपटत होता. तो आवाज मला अजून येतो." एवढं बोलून ती थांबली. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "पोरी, आम्ही पण असंच सगळं टाकून पळालो होतो." १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं. आजी तेव्हा तिसरीत होत्या, नारायण पेठेत मातीच्या भिंतींच्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि पर्वतीची वाट धरली. परत आले तेव्हा वाडा म्हणजे नुसता चिखलाचा ढीग. मग कितीतरी वर्षं पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या घरात काढली. आमच्या मुलांना पानशेत ठाऊक होतं ते सहलीचं ठिकाण म्हणून. मुलं आजींच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन पुरांमध्ये ५८ वर्षं, आणि दोन्हींचं पाणी अंगावर घेतलेली माणसं एकाच सतरंजीवर.

त्यानंतर जे झालं ते माझ्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. रिक्षा चालवणारा एक जण म्हणाला, त्या रात्री कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे हेच कळत नव्हतं. पोरांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर घरं लिहायला घेतली. पाणी चढायला लागलं तर पहिली हाक कुठे मारायची, कुणाला उचलायला दोघं लागतील, कुणाची शिडी लांब आहे. अकरा घरं झाली. पावसाळ्याआधी सावध राहा असं मी भाषणात सांगितलं असतं तर माना डोलल्या असत्या आणि मंडळी घरी गेली असती.

लोकांसमोर उभं राहून बोलणं पुण्यात नवं नाहीच. १८७५ पासून इथे वसंत व्याख्यानमाला आहे. एकाने बोलावं, शेकड्यांनी ऐकावं, याची या शहराला चांगली सवय आहे आणि मी स्वतः त्याच सवयीत वाढले. पण मला हल्ली सारखे आठवतात ते गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं आणि समोरच्यांना प्रश्न विचारत राहायचं. उत्तर माणसाच्याच तोंडून आलं की ते त्याचं होतं. अण्णाभाऊ साठेंची शाळा तर जेमतेम दीड दिवसाची. लाल बावटा कलापथकातून ते गिरणी कामगारांपुढे उभे राहिले ते त्यांच्याच बोलीत. १ ऑगस्टला वस्तीत त्यांचा फोटो सजतो. हा माणूस डफाच्या तालावर हजारोंशी बोलायचा, हे मी सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मग आपण पण आपल्याच भाषेत बोलायचं ना, ताई?" पुस्तकी बोलीचा धाक त्या दिवशी गेला.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण आज टाळ्या वाजल्या आणि मला भीती वाटली. मागच्या वर्षी दुसऱ्या एका वस्तीत मी एका मुलाला त्याच्या वडिलांच्या दारूबद्दल बोलायला लावलं होतं. तो विलक्षण बोलला. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील मागे दाराशी उभे होते हे मला नंतर कळलं. तो मुलगा पुन्हा आला नाही. मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा त्याच्या आईने दारातूनच परत पाठवलं. चूक माझी होती. ती गोष्ट त्याच्या एकट्याची नव्हती आणि मी घरात कुणालाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून आधी घरी जाऊन विचारते. नको म्हटलं तर तो विषय तिथेच संपतो. या गटातला एक जण आठ रविवार नुसता बसून ऐकतोय. त्याला मी अजून एकदाही "तू सांग" म्हटलेलं नाही.

आजच्या मुलीच्या आईलाही आधी विचारलं होतं. "सांगू दे की," एवढंच म्हणाली होती. आज ती पायरीवर बसली होती, टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, पुन्हा काही चुकलं का. सतरंज्या गुंडाळताना ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, मशीन हप्त्यावर घेतलेलं होतं. सात हप्ते राहिले होते. ते गेलं तरी सगळे फेडले मी. हे तिला माहीत नाही."

मी विचारलं, तिला सांगू का?

"नको. पुढच्या रविवारी मीच सांगते. सगळ्यांसमोर."