नोकरदार बॅटमॅन

बॅटमॅन सिव्हिल इंजिनियर झालाय, हे मी फोंड्यातल्या एका मित्राला सांगितलं. तो स्वतः सिव्हिल इंजिनियर. "आणि वर रात्रभर फिरतो? साइटवरून आल्यावर मला जेवायचंसुद्धा त्राण नसतं," तो म्हणाला. शंका रास्त आहे. पण स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा या जोडीने ऑक्टोबर २०२४ पासून सुरू केलेल्या डीसी कंपनीच्या 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' या कॉमिक मालिकेत हा गडी एवढा आडदांड काढलाय की तो दमत असेल असं वाटतच नाही. छातीवरचं वटवाघूळ नुसतं शोभेचं नाही, ते उपसून काढलं की त्याची कुऱ्हाड होते. गाडी तर खाणीवरच्या डंपरएवढी. गोव्यात खाणी जोरात होत्या तेव्हा कुडचड्याच्या रस्त्याकडेला जीव मुठीत धरून उभं राहिलेल्या माणसाला तिचं नवल वाटायचं कारण नाही.

या बॅटमॅनकडे वाडा नाही की वडिलोपार्जित दौलत नाही. वडील शाळेत शिक्षक होते, मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना गोळीबारात गेले. आई मात्र जिवंत आहे, आणि माझ्या मते खरा बदल हाच. आजवर बॅटमॅन बिनघोर उंडारला तो घरी वाट बघणारं रक्ताचं कुणी नव्हतं म्हणून. आई असलेल्या पोराला रात्री बारानंतर फोन येतोच! एरवी पेंग्विन, रिडलर, टू-फेस म्हणून भेटणारी खलनायक मंडळी इथे त्याची लहानपणची दोस्त आहेत. पैसा सगळा जोकरकडे, आणि हा जोकर हसत नाही. खदाखदा हसणाऱ्या जोकरची सवय होऊन गेली होती. दात न दाखवणाऱ्याची धास्ती जास्त वाटते.

मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक कंपनीने याच्या आधी, जानेवारी २०२४ मध्ये, असाच एक डाव टाकला होता. जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेटोच्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मधला पीटर पार्कर पस्तिशीचा आहे. मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, आणि कोळी चावतो तो त्यानंतर. मूळ गोष्टीत मरणारे बेनकाका इथे जिवंत! चौथ्या अंकात तर मारामारी जवळजवळ नाहीच. दोन जोडपी हॉटेलात जेवायला बसलीत, पीटरच्या समोर हॅरी ऑस्बोर्न, म्हणजे एरवीचा खलनायक ग्रीन गॉब्लिन, आणि चाललाय काय तर गप्पांचा फड. माझा भाचा हा अंक अर्ध्यात टाकून उठला. मी दोनदा वाचला. टेबलाखाली कोण कुणाला लाथ मारतंय हे बघण्यात जी मजा आहे, ती इमारती कोसळताना बघण्यात मला आता येत नाही. वयाचा दोष असेल.

या मालिकेत बाहेर महिना सरला की आतही महिनाच सरतो. मुलं वाढतात. आमची पंचाईत वेगळीच. वीस-बावीस पानांचा अंक चार-पाच डॉलरना, त्यावर टपालखर्च. त्या पैशांत पणजीत दोघांची फिश थाळी होते. म्हणून मी मार्व्हलची वर्गणी भरून टॅब्लेटवर वाचतो, आणि तिथे नवा अंक छापील अंकानंतर तीन महिन्यांनी येतो. परिणामी डिसेंबरचा अंक मी शिगम्यात वाचला. बाहेर ढोल-ताशे, आत न्यूयॉर्क.

तसा मी 'इंद्रजाल' कॉमिक्सवर वाढलेला. १९६४ ते १९९० अशी ती चालली, आणि मराठीत ली फॉकचा फँटम 'वेताळ' म्हणून भेटायचा. आजीला तो मुळीच मंजूर नव्हता. आमच्याकडे वेताळ म्हणजे देव, आमोण्याला त्याचं देऊळ आहे. "हो खंयचो वेताळ?" अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला तो मुखवटेवाला बघून ती विचारायची. तिचा भरवसा सिंधुदुर्गात शिरोड्याजवळच्या आरवलीच्या वेतोबावर. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. मला सुपरहिरो हवा तो असा, ज्याच्या चपला झिजतात. सुपरमॅन १९९२ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी परत आला, तेव्हापासून कुणाच्या मरणाने माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. झिजणं खोटं करता येत नाही.

एकाच अंकाची दहा-दहा मुखपृष्ठं काढायची खोड मात्र दोन्ही कंपन्यांनी सोडावी. आणि एका गोष्टीचा शेवट कळायला आणखी चार मालिका विकत घ्यायला लावणं हा निव्वळ व्यापार झाला.

राहिला 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन'. जेसन आरोनने त्याला पहिल्याच अंकात ब्राझीलमधल्या खाणीत मजुरांच्या बाजूने उभा केलाय. राफा सँडोव्हालने काढलेले धुळीने माखलेले चेहरे मला फार आवडले. कुडचड्याच्या माणसाला ती धूळ ओळखीची. पण त्याचा पोशाख त्याच्याशी बोलतो, सल्ले देतो, आणि तिथे माझा पेशन्स संपतो. शांतपणे बसून विचार करणारा सुपरमॅन मला चालला असता. भाचा म्हणतो, तो पोशाखच या मालिकेतलं सगळ्यात भारी पात्र आहे. गेल्या रविवारी यावरून मासळीच्या कढीवर आमची चांगलीच जुंपली, आणि बहिणीने दोघांनाही भांडी घासायला लावली.