चाळीस ओळी आणि एक ‘ऱ्या’: माझा अनुभव

अंबाजोगाईच्या एका वाचनालयाची पुस्तकयादी मी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर चढवली. आठवड्यातच ग्रंथपाल काकांचा फोन, "ताई, शेतकऱ्यांवरची दोन कपाटं भरलीत इथं, आन् तुमचं मशीन म्हणतंय एक बी पुस्तक नाही."

घोळ ‘ऱ्या’चा होता. काही कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ उमटतो, काहींवर साधा र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना अक्षर एकच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या दुसऱ्या एका ओपन सोर्स प्रोजेक्टात यावर तोडगा तयार होता, जेमतेम चाळीस ओळींचा. मी तो यादीच्या प्रोजेक्टाला पाठवला. नामंजूर!

लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या अटी, जुळेना. फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं: जीपीएल (त्यातून बनवून वाटलेलं सॉफ्टवेअरही त्याच अटींवर खुलं ठेवायला लावणारं लायसन्स), फक्त आवृत्ती २, म्हणजे १९९१ची. यादीचं सॉफ्टवेअर २००४च्या अपाची २.० या दुसऱ्या, सैल अटींच्या लायसन्सवर. अपाचीतल्या पेटंटविषयीच्या अटी जीपीएल २ मध्ये बसत नाहीत. २००७च्या आवृत्ती ३ मध्ये बसतात, पण मग एकत्र केलेलं सगळंच जीपीएलखाली जातं. फार वाईट वाटलं. तरी ज्यानं कोड फुकट दिला त्याची अट मोडायची, हे मनाला पटेना.

मग परवानगी मागायला निघाले. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला याची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात तीन लेखक सापडले. दोघांनी लगेच होकार दिला, तिसऱ्यांना पाठवलेला ईमेल परत आला. त्यांच्या अकरा ओळी वगळल्या. नियम साध्या मराठीत लिहून लातूरच्या मैत्रिणीला दिला आणि तिनं मूळ कोड न बघता त्या नव्यानं लिहिल्या. तीन आठवडे गेले.

तरी पुस्तकं सापडेनात. दोन रात्री शोधल्यावर कळलं, यादीचं सॉफ्टवेअर न दिसणारी चिन्हं आधीच झाडून टाकतं. आमच्या कोडपर्यंत येईस्तोवर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झालेला असायचा! आमची पायरी त्या झाडलोटीच्या आधी नेली, आणि दऱ्या व दर्या वेगळे राहतात का, ही चाचणी कायमची जोडली. काकांची दोन्ही कपाटं यादीत दिसली त्या दिवशी मला रडू आलं.

आता त्याच ओळी दोन घरी नांदतात. मागच्या महिन्यात मूळ प्रोजेक्टात ‘तऱ्हा’ आणि ‘गऱ्हाणं’ यांतली चूक दुरुस्त झाली. ती आमच्याकडे आणायची, तर दुरुस्ती करणारा चौथाच माणूस. त्याला परवानगीचं पत्र लिहिलंय, उत्तराची वाट बघतेय.