जिताड्याच्या पोटात काय निघालं? आमच्या डोहाची वही, ऑक्टोबर ते मे

डोहाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. चिपळूणजवळ गोवळकोटच्या खाली, वाशिष्ठी नदीच्या गोड्या पाण्यात खारं पाणी मिसळायला लागतं तिथे कुठेतरी, एवढं पुरे.

गेल्या मे महिन्यात टपरीवर आमच्या गरवणाऱ्यांची बैठक बसली होती. विषय एकच. बोयी राहिल्या नाहीत, काळुंदर राहिलं नाही, पोरं गरी टाकून बसतात आणि मोकळ्या पिशव्या घेऊन घरी येतात. कोणीतरी म्हणालं, "डोहात जिताडे माजलेत, तेच सगळं साफ करतात." तांबोशी आणि मरळ याही त्याच यादीत गेल्या. ठरलं की दोन रात्री कांडाळ, म्हणजे मासे अडकवणारं उभं जाळं, लावायचं आणि शिकारी मासे काढून टाकायचे. मीही हात वर केला होता, ते आधीच सांगून टाकतो. तात्या तेवढे म्हणाले, "मग मगरींचंही मत घ्या की, त्या काय वरणभातावर जगतात?" सगळे हसले आणि कांडाळ लागलं.

नऊ जिताडे निघाले. सगळ्यात मोठा चौदा किलोचा. त्याचे फोटो काढले, कालवण झालं. महिनाभराने चढणीचे मासे सुरू झाले आणि विषय मागे पडला. माझ्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. एवढे मासे काढले, पण एकाचंही पोट कोणी फाडून पाहिलं नाही. ज्याला चोर ठरवलं त्याचा खिसाच तपासला नाही. म्हणून या हंगामात वही ठेवली.

सामान

सात फुटी मीडियम हेवी रॉड, चार हजारी रील, तीस पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे गळाजवळ हातभर पन्नास पौंडी लीडर (जाड दोरा). लीडरमध्ये काटकसर करू नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. ऑक्टोबरात मी बारीक तांगूस (नायलॉनचा दोरा) लावून बसलो आणि दोन मासे अशी सफाईने तोडून गेले की टोक कात्रीने कापल्यासारखं दिसत होतं. लुअर (खोटा मासा) म्हणाल तर उथळ पोहणारे, बोटभर लांबीचे. त्याशिवाय जिवंत कोलंबी, कारण तिच्याइतकं काहीच चालत नाही.

वेळेचं गणित जुनंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला खाडीच्या मुखाशी दीडच्या आसपास भरती, तर आमच्या डोहाशी तीन वाजून जातात. मी सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर पहिला तास धरतो. पाणी तिवरांच्या मुळांतून परत निघतं, कोलंबी बाहेर वाहत येते आणि तोंडाशी जिताडा उभा असतो. भांगाच्या दिवसांत पाणी जेमतेम हलतं, तेव्हा मी घरी झोपतो.

कार्तिक, पौर्णिमेनंतरची द्वितीया

पहिला जिताडा, ४१ सेंमी. घरी आणला. पोटात चार कोलंब्या आणि एका खेकड्याचा पाय. बोय नाही. बायको दारातून म्हणाली, "मासा साफ करतोयस की पोस्टमार्टेम?" तेव्हापासून घरात या वहीला तेच नाव पडलं.

मार्गशीर्ष

तीन खेपा, दोन तांबोशी. एकीचं पोट रिकामं, दुसरीच्या पोटात तळहाताएवढी चिलापी, शेपटीकडून अजून न विरघळलेली. चिलापी दिसताच मी थबकलो, कारण आमच्या चोरांच्या यादीत चिलापी नव्हतीच. ती भारतात १९५२ मध्ये मुद्दाम आणली गेली. ती गोड्या पाण्यात वाढते, खाऱ्यातही तगते, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्लं सहजी मरत नाहीत. आमच्या डोहाच्या काठाला उथळ पाण्यात ती वाडग्यासारखे खड्डे करून बसते. दहा वर्षांपूर्वी असे खड्डे मला आठवत नाहीत. आता मोजता येत नाहीत.

पौष

मासा एकच, तोही मरळ, वरच्या अंगाला गोड्या पाण्यात. पोटात बेडूक. थंडीत डोहावर धुकं असतं आणि पलीकडच्या वाळूवर मगर उन्हाची वाट बघत पडलेली असते. गुडघाभर पाण्यात उभं राहून मासा सोडायची हौस असेल तर आमच्याकडे येऊ नका.

माघ-फाल्गुन

हंगामाचा जोर इथे होता. सात जिताडे, सगळे दीड किलोच्या आतले, त्यातले दोन ठेवले. एकाच्या पोटात चिलापी, दुसऱ्याचं रिकामं.

रिकाम्या पोटाबद्दल एक खबरदारी. गळाला लागलेला मासा झुंजताना बऱ्याचदा पोटातलं ओकून टाकतो. म्हणून रिकामं पोट म्हणजे उपाशी मासा असं धरू नका. मी पहिल्या महिन्यात ही चूक केली होती, नंतर वहीत त्या नोंदींसमोर प्रश्नचिन्ह टाकलं.

लहानच मासे का लागतायत, हा प्रश्न मी तात्यांना विचारला. ते म्हणाले, "मोठे काढलेस ना तूच." मला ते टोमण्यासारखं वाटलं. पण मग वाचायला बसलो आणि त्यात तथ्य निघालं.

जिताडा जन्मतः नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि साधारण ८०-९० सेंमीच्या पुढे गेला की मादी होतो. म्हणजे मोठ्या जिताड्यांत बहुतेक माद्या. त्या पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी जाऊन अंडी सोडतात, आणि मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडू शकते. पिल्लं भरतीबरोबर तिवरांत, खाजणांत येतात आणि तिथून वर नदीत चढतात. आमचा चौदा किलोचा मासा सहसा मीटरभराच्या घरातला. आम्ही डोहातली आजीच कालवणात घातली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला हाच मासा ५८ सेंमीच्या खाली ठेवता येत नाही आणि १२० च्या वरही नाही. वरची मर्यादा मोठ्या माद्यांसाठी आहे, आणि तीच आपल्या गावीही नाही.

दुसरी गोष्ट, जिताडा स्वतःच्याच पिल्लांनाही सोडत नाही. पेणकडे माझ्या मामाच्या गावी खारेपाटात तळ्यात जिताडे पाळतात. मामा सांगतो, लहान-मोठे एकत्र टाकले की आठवड्यात फक्त मोठे उरतात, म्हणून पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. (तळ्यातल्या जिताड्यांना खायला काय घालतात? चिलापी.) म्हणजे डोहातला मोठा जिताडा लहान जिताड्यांवर पोलीसही असतो. पोलीस हलवला की काय होतं?

इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावात याचं उत्तर फार पूर्वी लिहून ठेवलंय. तिथे १९४४ पासून पाईक हा शिकारी मासा जाळ्याने काढत गेले, म्हणजे बाकीचे मासे वाढतील. त्याआधी १९४१ पासून युद्धकाळात पर्च पकडून डबाबंद करत होते. पाईकची जाळी वर्षानुवर्षं चालली, आणि मोठे पाईक कमी होऊन लहान पाईकांची संख्या वाढली. पाईकही आपल्याच पिल्लांना खातो.

माझ्या वहीतले सात लहान जिताडे हेच सांगतात असं मी म्हणणार नाही. एका डोहाचा एक हंगाम, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मासे. पाऊस बरा झाला आणि पिल्लं जास्त चढली, इतकं साधं कारणही असू शकतं. पण मेमध्ये कांडाळ लावताना आपण जे होईल म्हणत होतो, ते झालेलं नाही. बोयी परत आलेल्या नाहीत.

चैत्र

आमच्यातल्या एका पोराने इंग्लंडच्या ट्राउट नद्यांचा व्हिडिओ दाखवला. तिथे नदी सांभाळणारे लोक पाईक काढतात आणि ट्राउट गरवायला पैसे मोजून येणारे खूश असतात. "मग आपण का नाही?" त्याचा प्रश्न रास्त होता, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आता देतो. अशा बऱ्याच पाण्यांत ट्राउट बाहेरून आणून सोडलेला असतो. मालक ठरलेला, मासा मोजून सोडलेला, मोजून काढलेला. तिथे पाईक काढणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीचा कोल्हा हाकलणं. आमची नदी खुराडं नाही. इथे बोय समुद्रातून येते, जिताडा समुद्राकडे जाऊन येतो, आणि दोघांनाही कोणी सोडलेलं नाही.

अमेरिकेत कोलंबिया नदीवरचं काम मला त्यातल्या त्यात पटलं. तिथे पाईकमिनो नावाचा तिथलाच मासा सामनची पिल्लं खातो, आणि धरणांमुळे ती पिल्लं त्याच्या तोंडाशी गोळा होतात. म्हणून १९९० पासून गरवणाऱ्यांना ठरावीक मापाच्या वरच्या प्रत्येक पाईकमिनोमागे पैसे देतात. पण उद्देश संपवायचा नाही, मोठ्यांपैकी वर्षाला १० ते २० टक्के काढायचे. प्रत्येक मासा मोजला जातो. आमच्या दोन रात्रींच्या कांडाळाचं माप म्हणजे टपरीवरचा चौदा किलोचा फोटो.

आणि शिकारी मासा खरोखर होत्याचं नव्हतं करू शकतो, हेही लपवत नाही. आपल्या जिताड्याचा सख्खा चुलत भाऊ, नाईल पर्च, १९५०च्या दशकात आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया तलावात नेऊन सोडला. तिथल्या शेकडो जातींच्या लहान माशांचा त्याने फडशा पाडला. पण तो तिथे परका होता, त्या लहान माशांनी असा शत्रू पाहिलाच नव्हता. वाशिष्ठीची बोय आणि जिताडा एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात.

आपल्याकडचा परका म्हणजे विदेशी मांगूर. त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी चोरून पाळतात आणि पावसात तळं फुटलं की तो ओढ्यात येतो. हवेतून श्वास घेतो, चिखलात तगतो, जे मिळेल ते खातो. तो लागला तर परत पाण्यात टाकू नका, यात माझी काही दुविधा नाही. फक्त देशी मांगुराशी गल्लत करू नका, तो आपलाच आहे. ओळखता येत नसेल तर आधी तात्यांसारख्या कोणाला तरी दाखवा.

वैशाख

सगळ्यात वाईट नोंद. सकाळी सुकतीला गेलो तर काठाला फेस आणि त्यात पांढऱ्या पोटाच्या बोयी, वीतभर, शंभराच्या आसपास मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. वरून कुठून काय सोडलं ते मला माहीत नाही, म्हणून कोणाकडे बोट दाखवत नाही. त्याच आठवड्यात बाजूच्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) तोंडाशी काठापासून काठापर्यंत जाळं बांधलेलं दिसलं, इतकं बारीक की मच्छरदाणीच म्हणा. आत करंगळीच्या नखाएवढी बोयीची पिल्लं. वरच्या वाडीत कोणी डोहात ब्लीचिंग टाकतं, कोणी बॅटरीचा करंट सोडतं, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

त्या एका सकाळी जितक्या बोयी मेल्या, तितक्या माझ्या वहीतले सगळे जिताडे मिळून हंगामभरात खाऊ शकले नसते.

हिशेब

अकरा जिताडे, नऊ तांबोशी, सहा मरळी लागल्या. बारा घरी आणून फाडल्या. चार पोटं रिकामी, तिघांत कोलंबी किंवा खेकडा, तिघांत चिलापी, एकात बेडूक, एकात बोय. एकच बोय. बाकीचे सगळे सोडले. त्यातला सगळ्यात मोठा जिताडा ८२ सेंमी, चैत्रात, सुकतीच्या अगदी शेवटी. तो पकडताना रीलचा ड्रॅग (ब्रेक) अडकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. सोडताना मगर लक्षात आली आणि चपला तिथेच राहिल्या.

या मे महिन्याच्या बैठकीत परत कांडाळाचा विषय निघाला. मी वही ठेवली. दोघांना पटलं, एकजण म्हणाला, "तुझ्या पोस्टमार्टेमवर नदी चालते काय?" तेही खरंच आहे. शेवटी तडजोड अशी झाली की यंदा कांडाळ नाही, ७५ सेंमीच्या वरचा जिताडा सोडायचा, चिलापी लागेल तेवढी न्यायची, आणि ऑक्टोबरपासून पऱ्याच्या तोंडाचं जाळं पाहायला दर रविवारी कोणीतरी जायचं. पहिल्या रविवारी माझी पाळी आहे.

७५ चा आकडा आम्ही कसा काढला? माझ्या काठीवर पट्टी तेवढीच मावते.